गाडीवरची बाई

शिव्या सगळ्यांनाच खाव्या लागतात, त्याचं काही नाही. पण लोक खिडकीतून रस्त्यावरच्या लाउडस्पीकरला शिव्या घालतायत, त्या नेमक्या आपल्याच आहेत, आणि आपण शेजारच्या खिडकीत उभं राहून त्या ऐकतोय, हे भाग्य फार थोड्यांना लाभतं. मला लाभलं. चांगलं पोटभर लाभलं.

मी निवेदन करते. लग्नं, बक्षीस समारंभ, दुकानांची उद्घाटनं, कुणाचे सत्कार, जिथे माइक तिथे मी. साथ आली आणि माइक गुंडाळले गेले. माणसंच जमणार नाहीत म्हटल्यावर ‘उपस्थितांचं मनःपूर्वक स्वागत’ करायचं कुणाचं? घरात बसून मी भांडी घासत होते आणि नवऱ्याशी भांडत होते. अशात नगरपालिकेतून फोन आला. गाडी फिरवून सूचना द्यायच्या आहेत, तुमचा आवाज हवाय. मी गेले. तिथल्या साहेबांनी लांबूनच कागद सरकवला आणि सांगितलं, आईच्या मायेनं बोला, पण जरब पाहिजे.

माया आणि जरब एकाच घशात असलेली बाई मी एकच पाहिलीय, ती म्हणजे माझी आई. अंधार पडायला लागला की गल्लीत हुंदडणाऱ्या आम्हा दोघा भावंडांना ती ज्या सुरात आत बोलवायची, तोच सूर मी उचलला. ‘नागरिकांनी लक्ष द्यावं. विनाकारण घराबाहेर पडू नये. बाहेरच्या कोणालाही घरात घेऊ नये. नियम आपल्या भल्यासाठीच आहेत.’ एका दमात रेकॉर्डिंग झालं. साहेब खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू?

आई दादाकडे राहते. दादा माझा मोठा भाऊ, त्याची जिम आहे. तळमजल्यावर जिम, पहिल्या मजल्यावर घर. आमच्या घरापासून तो भाग शहराच्या दुसऱ्या टोकाला. आईचं डोकं गेली काही वर्षं हळूहळू रिकामं होत चाललंय. आधी तारखा गेल्या, मग चेहरे गेले. मला समोर बघून ती ‘बसा ना’ म्हणायची, पाहुण्याला म्हणावं तसं. पण आवाज गेला नव्हता. मी जिन्याच्या तळापासूनच ‘आई गं’ अशी बोंब ठोकत वर चढायचे, आणि ती आतून म्हणायची, ‘आली माझी तोफ.’ मग पुढचा तासभर मी तिची मुलगी असायचे. नखं ती फक्त मला कापू द्यायची. वहिनीनं नेलकटर हातात घेतलं की मुठी आवळून बसायची, आणि माझ्यासमोर स्वतःहून बोटं पसरायची. माझ्याकडे आईचं म्हणून एवढंच उरलं होतं. बाकी सगळं गेलं तरी चालेल, हे जाऊ नये, असं मला वाटायचं.

फोनचा काही उपयोग नव्हता. फोन कानाला लावला की ती तो झटकून टाकायची. व्हिडिओवर माझं तोंड दिसलं की म्हणायची, टीव्ही बंद करा.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. गाडी आली की लोक खिडकीत यायचे, कुणी कुणी हात जोडायचे. नवरा तेवढा म्हणायचा, ‘घरात एक, रस्त्यावर एक. मी जायचं कुठं?’ मग निर्बंध वाढले. पंधरा दिवस म्हणता म्हणता आणखी पंधरा दिवस, त्यावर आणखी थोडे, आणि लोकांचं डोकं फिरायला लागलं. फिरणारच. पण राग काढायचा कुणावर? रोगाला तोंड नाही, सरकार हाताला लागत नाही. मी बरी सापडले. कुणी गाडीवर वरून बादली ओतली. पोरं माझी नक्कल करून एकमेकांना हसवायला लागली. मला नाव पडलं, ‘गाडीवरची बाई’.

एकदा भाजीच्या रांगेत मी फक्त ‘एक किलो बटाटे द्या’ म्हटलं, तर पुढची चार डोकी गर्रकन मागं वळली. हीच ती, म्हणाली एक बाई. माझा मुलगा नोकरी जाऊन घरी बसलाय, तुम्हाला काय, तुमचं चाललंय ना? मागून एक आजोबा तिच्यावर ओरडले की लोकांना अक्कल नाही म्हणूनच सांगावं लागतं, त्यांची बहीण गेली होती साथीत. त्यावर तिसरा म्हणाला, आजोबा, तुमची पेन्शन येते, तुम्ही बोलूच नका. अंतर ठेवून काढलेल्या गोलातली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. गंमत म्हणजे सगळेच खरं बोलत होते. मी बटाटे न घेताच परत आले. त्या दिवसापासून बाहेर तोंड उघडायचं तर हळू, ही सवय लागली. दुकानात कुजबुजायची, जिन्यात कुजबुजायची. पुढे पुढे घरात नवरा विचारायला लागला, काय म्हणालीस? लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न त्यानं पहिल्यांदा विचारला.

दादाचं तर बोलायलाच नको. बाकीची दुकानं थोडी थोडी उघडली, जिमचं नाव कुणी घेईना. सगळ्यात आधी बंद, सगळ्यात शेवटी उघडणार. आणि गाडी थांबायची ती बरोबर त्याच्याच शटरसमोर, कारण तिथे चौक. बंद शटरसमोर सख्ख्या बहिणीचा आवाज रोज येऊन सांगणार, नियम आपल्या भल्यासाठीच आहेत. जखमेवर मीठ, दुसरं काय? फोनवर आमची भांडणं व्हायची. तो म्हणायचा, माणसं रोगानं मरतायत त्यापेक्षा तुमच्या नियमांनी जास्त मरतील. मी म्हणायचे, ते बोलायला तू जिवंत आहेस ना, मग झालं. आमच्यात वहिनी बिचारी इकडून तिकडे.

मग एक दिवस त्यानं भांडण्यासाठी नाही, नुसताच फोन केला.

‘आई खिडकीत जाऊन उभी राहते,’ तो म्हणाला. ‘गाडी यायच्या आधीपासून. तुझा आवाज आला की टाळ्या वाजवते. गाडी गेली की रडते. म्हणते, खालपर्यंत येते, वर येत नाही.’

मग म्हणाला, मागच्या रस्त्यानं ये, सगळे फिरतायत, कोण बघतंय? आणि मी, अक्कल पाजळायची हौस, त्याला ऐकवलं की अख्ख्या शहराला सांगायचं आणि आपणच मोडायचं, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मला जमणार नाही. तो म्हणाला, बरं, तू पाषाण होऊ नकोस. फोन ठेवला त्यानं.

रात्रभर तळमळले आणि सकाळी निघाले. गेलं खड्ड्यात ब्रह्मज्ञान. वाटेतल्या पुलाच्या तोंडाशी बॅरिकेड होतं. हवालदारानं कुठं जाताय विचारलं. मी हळू आवाजात सांगितलं, आई आजारी आहे. त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा जरा मोठ्यानं सांगितलं आणि तो हसला. वाईट नाही हसला, ओळखीचं हसला. ‘ताई, तुम्हीच सांगता ना दिवसभर? तुम्हाला सोडलं तर मी बाकीच्यांना काय तोंड दाखवू?’ मागे उभे असलेले दोघंतिघंही हसले. एकानं फोन वर धरला, फोटो काढायला. मी मागे फिरले. भांडायची सोय मी स्वतःच ठेवली नव्हती.

तिथून तशीच नगरपालिकेत गेले. साहेबांना म्हटलं, तेवढा चौक गाळा. नाहीतर आवाज बदला, दुसऱ्या कुणाचा घ्या. ते म्हणाले, एक चौक गाळला की उद्या दहा चौकांचे अर्ज येतील. लोक चिडतायत माझ्यावर, असं म्हटलं तर म्हणाले, चिडतायत म्हणजे ऐकतायत. मग मी खाली खाली येत शेवटचं मागितलं. निदान ते ‘बाहेरच्या कोणालाही घरात घेऊ नये’ एवढं तरी काढा, माझी आई ते खरं धरून बसलीय. साहेबांनी खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. मजकूर वरून मंजूर होऊन आलाय, त्यातला शब्द इकडचा तिकडे करायचा अधिकार त्यांना नाही. आणि आवाज? तो आता कार्यालयाचा. माझा आवाज! मी घशाला हात लावून बघितला, आहे का जागेवर म्हणून.

खरं धरून बसलीय, हे मला वहिनीनं सांगितलं होतं. आई दूधवाल्याला दार उघडेना. वहिनी कचरा टाकायला खाली गेली तर आईनं आतून साखळी लावली आणि वहिनीलाच म्हणाली, मुलगी सांगून गेलीय, कुणाला घ्यायचं नाही. दादानं साखळी काढून टाकली तर एवढा आकांत केला की परत बसवावी लागली. वहिनी मला हे हसत हसत सांगत होती, पण मध्येच तिचा आवाज फुटला.

मग एकदाचे निर्बंध उठले. जसे आले तसेच गेले, एका कागदावर. ज्यांनी पाळले आणि ज्यांनी मोडले ते सगळे एकाच वेळी रस्त्यावर आले. गाडी बंद झाली. मी त्याच सकाळी नेलकटर पर्समध्ये टाकलं आणि निघाले. पुलावर बॅरिकेड बाजूला पडलेलं होतं, हवालदार नव्हता.

जिमचं शटर वर होतं. आत दादा आणि वहिनी मशीनवरची धूळ पुसत होते, एकदोन गिऱ्हाइकंही चौकशीला आली होती. दादानं मला बघितलं, मानेनंच वर जा म्हणून खुणावलं. पूर्वीसारखी जिन्यातून बोंब ठोकावी असं मनात होतं, पण तोंडातून काही आलं नाही. वर गेले, मास्क काढला, दारावर टकटक केली.

‘आई,’ मी म्हटलं.

दार साखळीपुरतं उघडलं. आई बारीक झाली होती. मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

‘कोण पाहिजे?’

‘आई, मी आलेय.’

‘घरात कुणाला घ्यायचं नाही. माझी मुलगी सांगून गेलीय.’

‘मीच गं तुझी मुलगी.’

‘छे,’ ती म्हणाली. ‘ती अशी कुजबुजत नाही. तोफ आहे तोफ.’

मी मोठ्यानं हाक मारायला गेले तर आवाज रडका निघाला, आणि माझा रडका आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. ती दार लोटायला लागली. माझ्याजवळ आता एकच आवाज उरला होता. मी ताठ उभी राहिले, माइकसमोर राहते तशी, पोट आत घेतलं.

‘नागरिकांनी लक्ष द्यावं!’

जिना दणाणला. दार थांबलं. आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, मग हळूहळू सगळा चेहरा उजळत गेला. मला तिथेच थांबायचं होतं. पण थांबले तर तो चेहरा पुन्हा विझेल या भीतीनं मी पुढे बोलत राहिले. विनाकारण घराबाहेर पडू नये. बाहेरच्या कोणालाही घरात घेऊ नये. बोलत होते आणि तिच्याकडे बघत होते. किती दिवसांनी माझी आई मला दिसत होती! नियम आपल्या भल्यासाठीच आहेत, इथपर्यंत सगळं म्हटलं.

‘ए, संपलं ना ते!’ खालून जिममधला कुणीतरी ओरडला. ‘बंद करा आता!’

‘आली माझी तोफ,’ आई म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून खाली रस्त्याच्या दिशेनं बघत होती. मग तिची नजर माझ्यावर आली. साखळीवर तिची बोटं होती, नखं वाढून वळलेली. अगदी समजूतदारपणे, वाट चुकलेल्या परक्या बाईला सांगावं तसं तिनं मला सांगितलं, ‘ऐकलंत ना? जा बाई घरी. ती उगाच नाही सांगत.’

आणि दार लावून घेतलं.

दादा फडकं हातात घेऊन वर आला. त्यानं दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. महिनोन्‌महिने मला ऐकवायचं म्हणून त्यानं बरंच काही साठवलं असणार, पण त्यातलं त्यानं काही काढलं नाही. पायरीवर माझ्या शेजारी बसला. भूक लागली की उघडते, म्हणाला. थोडी थांब.

आतून तिच्या सपातांचा आवाज खिडकीपर्यंत गेला. खिडकी उघडली. गाडी काही येणार नव्हती. मग आई कुणाला तरी सांगत होती, नेहमीच्या तक्रारीच्या सुरात.

‘खालपर्यंत येते रोज. वर यायला काय होतं हिला?’