उजवा खुबा

कामठीतल्या निम्म्या नाकांवर सत्यवतीचा हक्क होता. निदान ती स्वतः तसं सांगायची. बाळंतघरी मालीश करायला गेली, की तान्ह्याचं नाक चिमटीत धरून हलकेच ओढायची, तळव्याने कपाळ दाबायची आणि घरातल्या सासूला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, हाड म्हणजे ओली माती, घडवावं तसं घडतं. पुढे पोराचं नाक सरळ निघालं तर श्रेय तिचं. नकटंच राहिलं तर सव्वा महिन्यात मालीश बंद केल्याचा दोष घरच्यांचा. हात तिचे खरोखर चांगले होते. पण नुसत्या चांगल्या हातांना कोणी विचारत नाही, जोडीला तोंड लागतं, हे तिला ऐन विशीतच कळलं होतं.

या बोलण्यावर सगळ्यात जास्त विश्वास पुष्पलताचा. तिचं नाक चाफेकळीसारखं, आणि ते सत्यवतीमावशीने घडवलं, असं तिच्या आईने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलेलं. लग्न जमलं तेही या नाकावरच, असं पुष्पलता स्वतः हसून सांगायची.

म्हणून एकाहत्तरच्या दिवाळीनंतर तिने सत्यवतीला बोलावणं धाडलं, तेव्हा सत्यवतीला वाटलं, पुन्हा दिवस गेले असतील. पण घरी गेल्यावर पुष्पलताने सात वर्षांच्या चारुशीलेला पुढे केलं. छावणीतल्या एका हॉलमध्ये मिसेस रोझारियो मुलींना बॅले शिकवत. लष्करी साहेबांच्या मुलींत ही एकच मराठी पोर. या नाचात पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून उभं राहावं लागतं, आणि ते वळण घोट्यातून नाही, गुडघ्यातून नाही, थेट खुब्यातून यावं लागतं. चारूला उताणं झोपवून, तळव्याला तळवा लावून गुडघे फाकवायला सांगितलं, तर डावा गुडघा जमिनीपासून दोन बोटं वर राहायचा आणि उजवा चांगला चार बोटं. जानेवारीत कलकत्त्याच्या परीक्षक बाई येणार होत्या, दोन मुली निवडून नेणार होत्या. रोझारियोबाई म्हणाल्या होत्या, की दहा वर्षांच्या आत सवय केली तर थोडंफार खुलतं, नंतर आशा नाही. त्यातलं ‘दहाच्या आत’ एवढंच पुष्पलताने पदरात बांधून आणलं होतं. तिला स्वतःला नाच शिकायचा होता, तेव्हा बापाने तंगडं मोडीन म्हणून दम भरला होता. तो सल तिच्या मनातून कधी गेलाच नाही.

“मावशी, तुमी माह्यं नाक घडवलं,” ती म्हणाली, “हे तं नुसते दोन खुबे आहेत.”

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. सत्यवतीलाही ते कळत होतं. पण पन्नास वर्षांची बढाई एका शब्दाने खाली कशी ठेवायची? तिने तीळतेल कोमट करायला सांगितलं.

पंधरा दिवसांत चारूचा डावा गुडघा जमिनीला टेकला. आखडलेल्या शिरा मोकळ्या झाल्या, एवढंच झालं होतं. सत्यवतीने मात्र तेलकट हात पदराला पुसत म्हटलं, “पाहून घे वं पुष्पे. असा घडवतात.” हे वाक्य पुढे तिला फार महागात पडणार होतं, पण त्या दिवशी तिला चहाबरोबर शंकरपाळे मिळाले आणि ती खुशीत घरी गेली.

उजवा काही हलेना. शीर आणि हाड यांतला फरक तिच्या अंगठ्याला डोळे मिटून कळायचा. शीर दाबली की आधी कुरकुरते, मग वाट देते. इथे मांडी एका ठिकाणापर्यंत यायची आणि खट्टकन अडायची. पोरीचं हाडच तसं होतं, आईच्या पोटातून तसंच आलेलं. सत्यवतीने दाबणं सोडून दिलं. वरवर हात फिरवायची, जोर केल्यासारखं तोंड करायची आणि वेळ काढायची. पुष्पलता बाजूलाच बसलेली असायची. चार दिवस तिने पाहिलं, पाचव्या दिवशी म्हणाली की मावशी, तुमचं वय झालं, जोर मी लावते, तुमी फक्त जागा दाखवा. आणि तिने आपले दोन्ही हात सत्यवतीच्या हातांवर ठेवून अंगाचा भार टाकला.

सत्यवतीच्या अंगठ्याखाली काहीतरी सरकलं. आवाज झाला नाही. पण असलं सरकणं तिला आजवर कोणत्याही लेकराच्या अंगात लागलं नव्हतं. तिने हात झटकन ओढून घेतले. चारूने हूं की चूं केलं नाही, फक्त ओठ चावला. आई खूश असली की ही पोर कधी रडत नाही, हे सत्यवतीच्या तेव्हा लक्षात आलं आणि तिला जास्तच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी चारू पायऱ्या उतरताना भिंत धरत होती. आई दारात आली, तसा तिने हात काढून घेतला.

सत्यवती त्या दिवशी कुठल्याच बाळंतघरी गेली नाही. ती छावणीतल्या हॉलवर गेली, बाहेरच्या ओट्यावर बसून राहिली आणि रोझारियोबाई निघाल्या तशी त्यांना आडवी झाली. बाईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. खुब्याची खोबण देवाने जशी दिली तशीच राहते. लहानपणी शिकलं तर भोवतालचं मांस सैल होतं, पायाला वळण लागतं, पण खोबण काही बदलत नाही, आणि जबरदस्ती केली तर पाय जातो. चारूच्या आईला हे दोनदा सांगितलं, असंही त्या म्हणाल्या.

आता एकच वाट उरली होती, आणि ती सत्यवतीच्या स्वतःच्या तोंडातून जात होती. ती पुष्पलताच्या स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली.

“पुष्पे, तुह्यं नाक म्या नाही घडवलं. ते तुह्या बापाचं नाक आहे. म्या आजवर कोनाचंच काही घडवलं नाही. सारं झूट सांगून राहिली होती मी. पोरीले सोड.”

पुष्पलताचा हात नकळत नाकाकडे गेला. क्षणभर वाटलं, पटलं हिला. मग तिने हात खाली घेतला.

“मंग डावा कसा टेकला, मावशी? तुमीच म्हटलं होतं नं?”

सत्यवतीने पुन्हा सगळं सांगितलं, शिरांचं आणि हाडाचं, रोझारियोबाईंचंही. जितकं सांगत गेली तितकी पुष्पलता शांत होत गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती समजूतदारपणे म्हणाली, की थकल्यावर माणसाला असं वाटतं, तुम्ही आराम करा, जागा मला कळली आहे. आणि तेलाची वाटी फडताळात वर ठेवून दिली. खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी ऐकलं आणि खरं बोलले तर एक ऐकत नाही, म्हणून सत्यवती रस्ताभर स्वतःलाच शिव्या देत घरी आली.

तिने चारूच्या बापाला गाठून सांगितलं. तो रोज सकाळच्या बसने नागपूरला कचेरीत जाई. बायकांच्या कामातलं मला काय कळतं, म्हणाला आणि बस पकडायला पळाला.

सहा दिवस सत्यवतीने कसेबसे काढले. सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, पुष्पलता स्वतःच तिच्या दारात आली. केस सुटलेले, हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले, चेहरा आनंदाने फुललेला. चला म्हणाली, आत्ताच्या आत्ता चला. वाटेत ती काही सांगेना, नुसती हसत होती आणि भरभर चालत होती.

मधल्या खोलीत चटईवर चारू उताणी पडली होती. तळव्याला तळवा. दोन्ही गुडघे जमिनीला टेकलेले.

“पाहा,” पुष्पलता म्हणाली. “चारू, ऊठ बेटा. आजीले उभी राहून दाखव.”

चारू हलली नाही. तिने मान वळवून आईकडे पाहिलं, मग सत्यवतीकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तरी ती हसायला बघत होती.

“आई, मी अशीच राहते थोडा वेळ,” ती म्हणाली.

सत्यवती गुडघ्यांवर बसली. तिने उजव्या खुब्यावर हात ठेवला. जिथे खळगा लागायला हवा तिथे गोल, टणक उंचवटा लागला. तिने हात तसाच ठेवला, जरासुद्धा दाबला नाही, आणि मान वर न करता म्हणाली, “पुष्पे, रिक्षा बोलाव. मोठ्या दवाखान्यात न्या लागते हिले. आत्ता.”

पुष्पलता अजून हसतच होती.

“काहून?” ती म्हणाली. “टेकला नं?”