नासेवूकीच्या ढोलाचे म्हणणे

मी एक जुना लाकडी ढोल आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझ्याविषयी जे लिहिले गेले ते खोटे आहे. सोळा वर्षे एक पाटी माझ्या पायाशी उभी होती. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिले होते, ‘नरभक्षकांचा ढोल. मेजवानीपूर्वी हा वाजवला जाई.’ मला हात असते तर ती पाटी मी पहिल्याच दिवशी मोडली असती. हात नाहीत म्हणून तोंडाने सांगतो आहे.

माझ्या अंगावर कातडे नाही. मी एका देशी बदामाच्या झाडाचा बुंधा. दूर समुद्रातल्या एका बेटावर, नासेवूकी गावाच्या नदीकाठी मी वाढलो. एका मोठ्या वादळात गावच्या प्रार्थनाघराचे छप्पर उडाले, त्यातच मीही पडलो. गावकऱ्यांनी छप्पर नवे घातले आणि पेनायासी सुताराला सांगितले, याचा ढोल कर. पेनायासी तोंडाचा फटकळ, पण हात सोन्याचे. त्याने वाकस घेऊन मला आतून कोरायला घेतले. रोज संध्याकाळी बोटाच्या पेराने ठोकून ऐके आणि मला शिव्या देई. अडीच महिन्यांनी एका संध्याकाळी त्याने शिवी दिली नाही. तेव्हा मला कळले की मी तयार झालो.

मी जन्मलो तो प्रार्थनेला बोलावण्यासाठी. माणूस खाणारे पूर्वज असतील नसतील, त्यांना मातीत जाऊन पिढ्या लोटल्या होत्या. माझ्या ठोक्यावर लोक आले ते धुतलेले कपडे घालून आणि केस विंचरून. नारळाच्या काथ्याच्या चुंबळीवर मला बसवले की माझा आवाज नदी ओलांडून जाई. शाळेला मी बोलावले, मासे घेरायला सगळे गाव मी पाण्यात उतरवले. एकदा भर दुपारी काळोख करून पाऊस आला आणि सात होड्या समुद्रात अडकल्या. किनारा दिसेना. गावातल्या बायकांनी आळीपाळीने मला चार तास बडवले. सातही होड्या माझ्या आवाजावर वाट काढत घरी आल्या. त्या दिवशी पेनायासीने पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात फिरवला.

मग लोकांनी नीरफणसाच्या फांदीला गॅसचा रिकामा सिलिंडर टांगला. लोखंडी कांब घेऊन कुणीही जावे आणि ठणठण करावे. त्याला तेल नको, चुंबळ नको, ठोका यायला नको. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्याचेही मला वाईट वाटले नाही, कोंबडीने निदान माझ्याबद्दल खोटे पसरवले नाही.

पुढे नदीपलीकडच्या शहरात, जुन्या कचेरीत, छोटे संग्रहालय निघाले. गावाने मला तिथे नुसते ठेवायला दिले; मालकी गावाचीच. माझ्याभोवती दोरी बांधली, पाटी लावली. हॉटेलांच्या बसमधून प्रवासी येत. त्यांचा वाटाड्या पाटी वाचून दाखवी आणि शेजारणीच्या दंडाला चावल्यासारखे करी. सगळे हसत. मी दात-ओठ खात बसे. आणि नासेवूकीचे लोक? पूल ओलांडला की दहा मिनिटांची वाट. सोळा वर्षांत एक माणूस मला बघायला आला नाही. आपल्याच वस्तू बघायला काय जायचे, असे त्यांना वाटे. हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो, मागून नाही.

संग्रहालयाचा रखवालदार सेमेसा हा मात्र नासेवूकीचाच. चाळिशीचा, भला आणि भित्रा. तो माझ्यावरची धूळ पुसताना पाटीकडे पाठ करी.

एका गुरुवारी सेमेसा सकाळपासून तिसऱ्यांदा माझी धूळ पुसत होता. दुपारी तीन वाजता मला न्यायला ट्रक यायचा होता. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलाने मला मागून घेतले होते. तिथे गवताचे घागरे नेसवलेले वेटर रोज मला बडवून पाहुण्यांना जेवायला बोलावणार होते, आणि पाटीही सोबत जाणार होती. म्हणजे जे खोटे नुसते लिहिले होते, ते मला रोज स्वतःच्या तोंडाने ओरडून सांगावे लागणार होते.

दोनच्या सुमारास योलावा बेटावरच्या महिला मंडळाची सहल आली. अठरा बायका, सगळ्या झुळझुळीत झग्यांत. सकाळपासून त्यांनी कुंभारणींचे गाव पाहिले होते, खंदकाची जुनी गढी चढून उतरल्या होत्या, आणि आता पाय सुजवून संग्रहालयात पोचल्या होत्या. त्यांच्यात पुढे होती आकेनेता, सत्तरीची, काठी टेकत चालणारी. तिने दाराशी बसून, ज्यांचे मानाचे पेय करतात त्या यांगोनाच्या मुळांची जुडी सेमेसापुढे ठेवली. जुन्या माणसांच्या वस्तू जिथे आहेत तिथे रिकाम्या हाताने शिरायचे नसते. सोळा वर्षांत हे करणारी ती पहिलीच. मी कान टवकारले.

“कुठला रे तू?” तिने विचारले.

“नासेवूकीचा.”

अठराच्या अठरा बायका खिदळल्या. योलावा आणि नासेवूकी यांचा मूळ देव एक, म्हणून दोघे एकमेकांचे ताउवू. ताउवूने ताउवूची हवी तेवढी टर उडवायची, त्याच्या घरातले हवे ते मागायचे, आणि समोरच्याने रागवायचे नाही की नाही म्हणायचे नाही.

“बायांनो, पिशव्या सांभाळा,” आकेनेता म्हणाली. “चोरांच्या घरात आलोय आपण.”

सेमेसाच्या तोंडावर आठवड्यात पहिल्यांदा हसू आले. “योलावाच्या का? थांबा, दुसरं दारही उघडतो. तुमची तोंडं आत मावायला हवीत.”

त्या आत आल्या. आकेनेता माझ्यापुढे थांबली आणि तिने पाटी वाचली. दोनदा वाचली.

“हे कुणी लिहिलं?”

“संग्रहालयाच्या समितीनं. प्रवाशांना आवडतं.”

“आणि तुला?”

“मला पगार मिळतो, म्हातारे.” सेमेसाने मान खाली घातली आणि तीन वाजताच्या ट्रकचे सगळे सांगितले.

“तुझं गाव काय म्हणतं?”

“मुखियानं परस्पर सही केली. गावाला ठाऊकच नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“माझं कोण ऐकतंय?”

“तुझं नाही रे ऐकत. याचं ऐकतील,” असे म्हणून तिने काठी एका बाईकडे दिली आणि दोरी ओलांडली.

“अगं, हात लावायला बंदी आहे. नियम आहे.”

“नियम तुझाच ना? मग माझाही झाला. मोडते.”

माझी दांडकी माझ्या पोटातच पडून होती. तिने ती काढली आणि ठोका धरला. मित्रांनो, तो मयताचा ठोका होता. दोन्ही गावांचा देव एक तसा हा ठोकाही एक. सावकाश दोन, मग एक, मग थांबायचे. कोरड्या हवेत माझ्या अंगाला चीर गेली होती, त्यामुळे आवाज खरखरला. पण तो उघड्या खिडकीतून गेला, नदीवरून गेला, आणि मी अजून मुका झालेलो नाही हे मला माझ्याच आवाजाने कळले.

अर्ध्या तासात पूल काळा दिसू लागला. काळे कपडे घातलेले नासेवूकीचे लोक खांद्यावर मयताच्या घरी द्यायच्या चटयांच्या गुंडाळ्या घेऊन येत होते. बायकांच्या डोक्यावर उकडलेल्या अळकुड्यांची पातेली होती. पुढे मुखिया विलिसोनी, धापा टाकत.

“कोण गेलं?” त्याने विचारले.

“बसा,” आकेनेता म्हणाली. “अजून गेला नाही. तीन वाजता न्यायचाय.”

तिने सेमेसाला पाटी मोठ्याने वाचायला लावली. लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून लोसालिनी नावाची बाई उठली. तिने चटई खाली ठेवली आणि माझ्या चिरेवर हात ठेवला.

“त्या पावसात माझा बाप होडीत होता. याच्याच आवाजावर घरी आला. हा माणसं खायला बोलवत होता म्हणे? लाज नाही वाटली लिहिताना? आणि विलिसोनीदादा, सही करताना तुम्हाला?”

विलिसोनीने पागोळ्यांसारखा गळणारा घाम पुसला. “हॉटेल शाळेला नवं छप्पर देणार होतं. पोरं पावसात भिजतात, ते तूही बघतेस. मला वाटलं, जुनं लाकूड आहे. आता शब्द दिलाय. दिलेला शब्द मी कुठल्या तोंडानं मागे घेऊ?”

लोकांनी माना डोलावल्या. शब्द मोडणारा मुखिया त्यांनाही नको होता.

“तू नको घेऊस मागे,” आकेनेता म्हणाली. “विलिसोनी, हा ढोल मला फार आवडला. मी योलावाला नेते.”

सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. ताउवूने मागितले, आता नाही म्हणता येत नव्हते. माझाही धीर खचला. हॉटेल टळले खरे, पण समुद्रापार त्या बेटावर मला माझी नदी कुठे ऐकू येणार? विलिसोनीने कशीबशी मान हलवून होकार दिला. योलावाच्या बायका लगेच कमरेचे पट्टे सोडून मला बांधायला लागल्या. तेवढ्यात बाहेर ट्रक थांबला आणि मुनसामी ड्रायव्हर दोरखंड घेऊन आत आला.

“न्यायचा ढोल कुठला?” त्याने विचारले.

“हा आमचा आहे,” आकेनेता म्हणाली.

तेव्हा तो भित्रा सेमेसा पुढे झाला. आकेनेतासमोर मांडी घालून बसला. ओंजळीचा पोकळ आवाज काढत त्याने तीन टाळ्या वाजवल्या, रीतीप्रमाणे.

“योलावाच्या म्हातारे,” तो म्हणाला, “तुझा तो ढोल मला आवडला. मला हवाय.”

आकेनेताने आपली काठी परत मागून घेतली. मग म्हणाली, “किती वेळ लावलास रे. उभं राहून माझे पाय मोडले. घे तुझा ढोल.”

हसण्याने कचेरीच्या खिडक्या हादरल्या. मुनसामी एकट्यालाच काही समजले नव्हते.

“म्हणजे मी नेऊ काय?”

विलिसोनीचा चेहरा आता उजळला होता. “बाबा, मी नासेवूकीचा ढोल द्यायचं कबूल केलं होतं. नासेवूकीकडे आता ढोलच नाही. हा योलावानं सेमेसाला दिलाय. ताउवूनं दिलेली वस्तू तिसऱ्याच्या हाती गेली, तर माझ्या घरचं पाणी कुणी पिणार नाही.”

“पण आमच्या साहेबांना हे कसं सांगू?”

“बस जरा,” आकेनेता म्हणाली. “एक वाटी यांगोना घे. सुचेल काहीतरी.”

मयतासाठी आणलेल्या वस्तू माघारी नेत नाहीत, म्हणून सगळ्या चटया योलावाच्या बायकांच्या बसमध्ये चढल्या आणि अळकुड्या सगळ्यांनी तिथेच खाल्ल्या. मुनसामीने पाच वाट्या रिचवल्या. पाटी लोसालिनी घरी घेऊन गेली आणि तिने ती चुलीत घातली.

शाळेला छप्पर मिळाले नाही. वर्गात पावसाचे पाणी अजून ठिबकते आणि त्याचे मला वाईट वाटते. पण त्या नव्या छपराखाली बसून मुलांनी आपल्या आजोबांविषयी खोटे शिकायचे होते काय? गळके छप्पर दुरुस्त होते. दर शनिवारी पाचजण वर चढतात, विलिसोनी सर्वांत आधी.

मी आता संग्रहालयाच्या ओसरीवर नव्या चुंबळीवर बसतो. शुक्रवारी सेमेसा मला वाजवतो. माझ्या चिरेत खोबरेल तेल जाते. मित्रांनो, तुम्ही सहलीला जाल, संग्रहालये बघाल. पाटी वाचा, पण तिथेच थांबू नका. ती वस्तू ज्यांची, त्यांच्यातले एखादे माणूस गाठा आणि विचारा. आणि तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर जिथे जुने काही पडले आहे, तिथे आधी जा. मयताचा ठोका पडेपर्यंत वाट बघू नका.

हॉटेलाचे साहेब मागच्या महिन्यात स्वतः आले होते. सेमेसाला म्हणाले, एका लाकडासाठी एवढा हट्ट कशाला, त्यात आहे तरी काय. सेमेसाने वाद घातला नाही. दांडकी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, वाजवून बघा. त्यांनी दोन ठोके मारले, मग एक मारला, आणि थांबले.

पुलावरून सगळे गाव धावत आले.