दार लागल्यावरचे तीस सेकंद

मी एक जुना दिवा आहे, आणि मला भयंकर राग आलेला आहे. दिव्याला कसला आलाय राग, असं म्हणू नका मित्रांनो. आधी ऐका.

लाखनी गावच्या टेकचंदभाऊंच्या भाड्याच्या काळीपिवळी जीपमध्ये, मागच्या दोन बाकांच्या मधोमध मी छताला चिकटलेला असतो. छोटासा बल्ब आणि वर दुधी झाकण. मागचं दार उघडलं की मी पेटतो, लागलं की विझतो. ज्याने कोणी मला असं जोडलं ना, त्याला एकदा अंधारात याच जीपमध्ये चढवायला हवं! अहो, बसायची जागा माणूस शोधतो कधी? दार लागल्यावर. आणि नेमका तेव्हाच मी आंधळा!

जीप नवी होती तेव्हा माझे काय लाड होते. टेकचंदभाऊ ओल्या फडक्याने मला पुसायचे. एका नवरीने तर माझ्या उजेडात टिकली सरळ केली होती. पुढे झाकणात पाखरं मरून पडली आणि मला पुसायचं कोणालाच आठवेना. तेही मी सहन केलं. पण मंदाबाईचे हाल काही सहन होईनात.

दिवाळीनंतर धानाची कापणी लागली की ही जीप बायकांच्या टोळीला शेतावर ने-आण करते. आनंदाबाई टोळीची मुखिया. परतताना सहा वाजताच अंधार असतो. दहा बायका, बाकाखाली दहा विळे. जिची पात, म्हणजे वाट्याला आलेली धानाची ओळ, आधी कापून संपेल ती आधी चढते, असा टोळीचा रिवाज. मंदाबाई रोज शेवटी चढायची. कारण दिवस बुडायला आला की तिला दिसेनासंच व्हायचं आणि तिची पात मागे राहायची. उजेड डोक्यावर असला तर थोडंफार दिसायचं, नाहीतर काहीच नाही. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. न दिसणाऱ्या बाईच्या हातात विळा कोण देईल? मला मात्र कळलं होतं. विझण्याआधी रोज तिचा चेहरा मला दिसायचा. डोळे एकीकडे, आणि हात दुसरीकडेच चाचपडत असायचा.

"काहून वो मंदाबाई, डोळे वावराच्या धुऱ्यावर इसरून आली का?" शकुनबाई म्हणायची. सगळ्या हसायच्या. सर्वांत मोठ्याने मंदाबाईच हसायची. माझी नुसती तडफड व्हायची!

आणि एका संध्याकाळी व्हायचं तेच झालं. ती चढली, दार धाडकन लागलं, मी विझलो. तिचा तोल गेला आणि हात पडला तो थेट बाकाखालच्या विळ्यावर. ती किंचाळली. टेकचंदभाऊंनी दार उघडलं तसा मी पेटलो. तळहातातून रक्ताची धार!

"दिसत नाही का तुले?" टेकचंदभाऊ ओरडले.

"घसरली ना जी मी," मंदाबाई म्हणाली.

आनंदाबाई कडक आवाजात म्हणाली, "हात बरा झाला का ये. पन अजून एक डाव असं झालं, तर मी दुसरी बाई पाहीन."

टेकचंदभाऊंची दहावीतली मुलगी टीना तेव्हा पुढच्या सीटवर होती. शिकवणीहून येत होती. ती मागे वळून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ही मलाच शिव्या देणार. पण दुसऱ्या दिवशी ती आली ती हातात कपॅसिटर घेऊन. कपॅसिटर म्हणजे वीज साठवून ठेवणारी छोटीशी डबी. दार लागलं तरी त्या साठवलेल्या विजेवर मी जरा वेळ जळत राहीन, असा तिचा बेत. शाब्बास पोरी!

पण तिची एक तार उलटी लागली. मी विझलोच नाही! सकाळी बॅटरी ठार. सगळ्या टोळीने जीप ढकलली.

"कोनं सांगतलं तुले वायरीले हात लावाले? इंजिनेर झाली का तू?" टेकचंदभाऊ कडाडले.

"बाबा, माही एक तार चुकली. पन हा दिवा तर बनवला तवापासूनच चुकला हाय!"

टेकचंदभाऊंनी मला उपटलं आणि समोरच्या खणात फेकलं. तीन दिवस मी जुन्या स्क्रूंमध्ये पडून होतो. चौथ्या दिवशी ते स्वतःच गुरगुरले, "लाव बाई. पन मी उभा राहीन." तार सुलटी झाली. मी मोजून पंधरा सेकंद जळू लागलो.

त्याच आठवड्यात हाताला पट्टी बांधून मंदाबाई आली. संध्याकाळी ती शेवटी चढली. दार लागलं. मी विझलो नाही!

"अवो माय, हा तर जागाच हाय!" शकुनबाई म्हणाली.

मंदाबाई जपून एकेक पाऊल टाकत होती. विळे चुकवले, बाक दोन हातांवर आला... आणि पंधरा सेकंद संपले. मी विझलो. ती तशीच उभी.

"बसत काहून नाही वो?" अंधारातून आनंदाबाईचा आवाज आला.

"दिवस बुडला का मले दिसत नाही. दोन साल झाले. हासा आता."

आनंदाबाईचा आवाज आता हळू होता.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं मले ठेवलं असतं का तू?"

अंधारातच आनंदाबाई उठली. मग बांगड्या वाजल्या. तिने मंदाबाईचं मनगट धरून तिला शेजारी बसवलं. "उद्यापासून तू पह्यले चढशीन. पेंढ्या बांधाचं काम दुपारीच उरकून घे. आन बुधवारी दवाखान्यात मी सोता नेतो तुले." शकुनबाई खाली वाकली. तिने सगळे विळे ओढून आपल्या पायाशी घेतले.

दुसऱ्या दिवशी टीनाने माझे तीस सेकंद केले. आता सगळ्या माझं कौतुक करतात. मला नको ते कौतुक! तीस सेकंदांचा उजेड द्यायला दोन वर्षं आणि एक कापलेला हात लागला. म्हणून मित्रांनो, विनंती नाही, रागानेच सांगतो: शेवटी चढलेलं माणूस बसलं का, ते बघा. मगच दार लावा.