धुक्यातला ओडेल

ओडेलचं पिवळं लाइफ जॅकेट तंबूच्या दोरीवर वाळत घातलेलं होतं आणि ओडेल तळ्यात होता.

ते जॅकेट पहिल्यांदा मीच पाहिलं. व्हर्नाला दाखवावं की नाही, असा विचार करत कॉफीचा कप हातात धरून उभी राहिले. तोवर तिनंही पाहिलंच. दोरीवरून काढून छातीशी धरलं, बस.

पानं लाल झाली की आमच्या चर्चची मंडळी दरवर्षी मिशिगनातल्या या तळ्याकाठी येते. ज्यांचे गुडघे गेले ते घरगाड्यांत, ज्यांचे शाबूत आहेत ते तंबूंत. मी घरगाडीवाली. माझा धाकटा भाऊ ओडेल आणि त्याची बायको व्हर्ना माझ्या शेजारच्या तंबूत. रविवारची उपासना आम्ही इथेच, पाण्याजवळच्या बाकांवर करतो.

त्या रविवारी उजाडताना आकाश स्वच्छ होतं. "न्याहारीला मासे आणतो," असं सांगून ओडेल होडी घेऊन गेला. त्याच्या पाठोपाठ पाण्यातून धुकं वर आलं. बघता बघता लाकडी धक्क्याचं पुढचं टोकही दिसेनासं झालं. ऑक्टोबरातलं पाणी. त्यात पडलेल्या माणसाची बोटं आधी कामातून जातात, मग हात. आणि माझ्या भावाला पोहता येत नाही.

छावणीचे राखणदार लुंडग्रेन त्यांच्या बॅटरीच्या छोट्या गाडीतून आले. एरवी हा माणूस सकाळी कुणाचा रेडिओ जरा मोठा झाला तरी दारात हजर. आज टोपी काढून उभा होता.

"फोन केलाय. मदतीची बोट निघालीय," ते म्हणाले. "पण धुकं उठेपर्यंत तेही आंधळेच, ऑगस्टा."

तेवढ्यात आमच्या मंडळीतल्या बेउलानं आपल्या घरगाडीचा भोंगा वाजवला. तिचा हेतू चांगलाच होता. किनारा कुठे ते ओडेलला कळावं. ते ऐकून पलीकडच्या गाडीनं वाजवला, मग त्याच्या पलीकडच्या. तळ्याकाठी उतरणारी माणसं मुळातच मदतीला धावणारी. एकाचं छत वाऱ्यानं फाटलं तर चौघं दोऱ्या घेऊन येतात. हां हां म्हणता समोरच्या काठावरचे अनोळखी लोकही भोंगे वाजवू लागले. आमचं तळं वाकलेल्या कोयत्यासारखं आहे. सगळीकडून, अगदी सगळीकडून भोंगे.

मध्येच डावीकडून ओडेलची हाक आली. जीव भांड्यात पडतोय तोच ती उजवीकडून आली, आणि आधीपेक्षा लांबून.

"तो प्रत्येक भोंग्याकडे वळतोय!" व्हर्ना ओरडली. "बंद करा! देवासाठी बंद करा! गोल गोल फिरवून माराल माझ्या नवऱ्याला!"

लुंडग्रेननी गाडी पिटाळली. जाता जाता म्हणाले, "लोकांना गप्प बसवण्यात माझा जन्म गेला. आज पहिल्यांदा त्याचा उपयोग होतोय."

एकेक भोंगा बंद पडला. शेवटचा समोरच्या काठावरचा. मग इतकी शांतता झाली की मला माझा श्वास ऐकू येऊ लागला. व्हर्नानं धक्क्यावरून हाका मारल्या, पण रडू फुटून तिचा आवाज चिरकला. तिनं मागे वळून पाहिलं. घोंगडी पांघरून खुर्चीत बसलेले आमचे म्हातारे पाळक, टिलरी, ओठ हलवत प्रार्थना करत होते.

"पाळकसाहेब, मनात नको. मोठ्यानं. तुमचा उपदेश गा. थांबू नका."

"घसा राहील का गं बाळ?"

"तो राखणारा आहे ना वर!"

त्यांना धरून आम्ही धक्क्याच्या टोकाशी नेलं. त्यांचा उपदेश नेहमी गप्पांसारखा सुरू होतो. मग एखाद्या शब्दाला हळूच सूर लागतो, तो सूर पुढच्या ओळीला उचलतो, आणि आपण कधी उभे राहिलो ते आपल्याला कळत नाही. त्या सकाळीही तसंच झालं. डोळे मिटून म्हातारा गाऊ लागला.

"तुला अंथरुणातून कोणी उठवलं? पायांत बळ कोणी घातलं? सांग मला, आज सकाळी तुला जागं कोणी केलं?"

"प्रभूनं!" आम्ही सगळे गर्जलो. सवयच ती. लहानपणापासून त्या प्रश्नाला तेच उत्तर.

व्हर्ना गर्रकन वळली. "खबरदार कोणी उत्तर दिलं तर! हे उत्तर ओडेलचं आहे. बेउला, तोंडात रुमाल घाल!"

बेउलानं खरंच रुमाल तोंडावर धरला. पाळकसाहेबांच्या उपदेशाला मुकाट उभं राहायचं म्हणजे काय, हे आमच्याच माणसांना कळेल. मी ओठ दातांखाली धरले. त्यांनी पुन्हा विचारलं, थांबले. पाणी फळ्यांना चाटत होतं. उत्तर नाही. आणखी वरच्या सुरात विचारलं. पुन्हा नुसतं पाणी.

मग खूप लांबून, जणू दुसऱ्याच देशातून आल्यासारखं, "प्रभूनं..."

"हा माणूस!" व्हर्ना पुटपुटली. "चर्चमध्ये बसल्या बसल्या घोरतो. आजवर एकदा तरी उत्तर दिलंय का यानं?"

पाळकसाहेब गात राहिले. उत्तर येत गेलं. जरा जवळून, मग आणखी जवळून. मी मोकळा श्वास घेणार तोच धुक्यात काहीतरी पाण्यावर आपटलं. पुढच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. व्हर्ना फळ्यांवर बसली. जॅकेटचे पट्टे तिनं मनगटाला गुंडाळले होते. पाळकसाहेबांना ठसका लागला, सूर तुटला. मी त्यांची पाठ धरली. हात थांब म्हणत होता, आणि मन म्हणत होतं, गा हो, गा.

ते गायले. आता सूर कसला, नुसती घरघर. "सांग... कोणी... जागं केलं?"

"प्रभूनं!" घोगरं उत्तर आलं. "वल्हं पडलं हो पाळकसाहेब, हातांनी येतोय! सोडू नका मला!"

धुक्यातून होडीचं लाल नाक बाहेर आलं. काठावरच्या खड्यांवर घासलं. कोपरापर्यंत भिजलेला, ओठ निळे पडलेला माझा भाऊ खाली उतरला. मी घोंगडी घेऊन धावले, पण व्हर्ना पुढे होती. तिनं मिठी मारली नाही. कोरड्या जमिनीवर उभ्या नवऱ्याच्या अंगात ते पिवळं जॅकेट चढवलं आणि एकेक पट्टा करकचून ओढला.

"व्हर्ना, अगं आता कशाला..."

"गप्प बस. घरी जाईपर्यंत अंगावरून काढलंस तर बघ."

धक्क्याच्या टोकाशी म्हातारा अजून डोळे मिटूनच उभा होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. श्वास गोळा करून त्यानं पुन्हा तोंड उघडलं, "सांग मला..."

ओडेल जॅकेटसकट फळ्यांवरून कुडकुडत गेला आणि पाळकसाहेबांचा हात आपल्या गार हातांत घेतला.

"प्रभूनं," तो हळूच म्हणाला. "आणि थोडं तुम्ही."

तेव्हा कुठे बेउलानं तोंडावरचा रुमाल काढला.