आपली कात्री

ताई रविवारी जाणार होती आणि मास्तरला शुक्रवारपर्यंत वैद्यसंघ सुधारायचा होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात शिरायला गुरुवार उजाडावा लागला. त्याच्या मानाने हे लवकरच झालं म्हणायचं.

मास्तर काही खरा मास्तर नव्हता. सात माणसांच्या एका छोट्या कंपनीत तो व्हिडिओ गेमची गोष्ट आणि संवाद लिहायचा. इतरांच्या ईमेलमधले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसायची खोड असल्यामुळे हे नाव त्याला चिकटलं होतं. गेम जुन्या धाटणीचा होता: तलवारी, जादू, जंगल आणि शेवटी एक ड्रॅगन. खेळणाऱ्याला सामील होता येईल असे त्यात चार संघ होते आणि चारही मास्तरने लिहिले होते. चोरांची टोळी, पहारेकऱ्यांचं दल, लेखनिकांचं मंडळ आणि त्याचा लाडका वैद्यसंघ. वैद्यसंघाचा तर त्याने तीनशे वर्षांचा इतिहास रचला होता. तो आजवर एकाही खेळाडूने उघडून पाहिला नव्हता.

सोमवारी बाहेरच्या चाचणीवाल्यांचे अभिप्राय आले. संचालकबाईंनी ते बैठकीत मोठ्याने वाचले. ‘वैद्यसंघात सामील झालो. चार काढे चार घरी पोचवले. मला प्रमुख केलं. बाहेर जाऊन परत आलो, तर दारावरचा माणूस विचारतो, कोण पाहिजे?’ सगळे खो-खो हसले. मास्तरही हसला, कारण एकट्याने न हसणं वाईट दिसलं असतं.

‘शुक्रवारपर्यंत हा संघ दुरुस्त करून दाखवा,’ संचालकबाई म्हणाल्या. ‘जमलं तर बाकीचे तीनही तसेच करू. नाही जमलं तर चारही काढून टाकू.’

खरं तर या कामाला मास्तरइतका नालायक माणूस शोधून सापडला नसता. आयुष्यात तो कशातच धड सामील झाला नव्हता. पोहण्याच्या गटात गेला, तर तिसऱ्या आठवड्यात त्याचा कान दुखायला लागला. समूहगायनात तो नुसते ओठ हलवायचा, आणि गाणं शिकवणाऱ्या बाईंनी ते ओळखलं त्या दिवसापासून त्याने तिकडे जाणं बंद केलं. इमारतीच्या समितीत त्याने सूचनाफलकावरच्या चुका लाल शाईने दाखवल्या, तेव्हापासून बैठक कधी असते हे त्याला कुणी कळवत नव्हतं. असा हा गृहस्थ आता आपलेपणा कसा वाटतो ते लोकांना शिकवणार होता.

त्याच संध्याकाळी ताईने सांगितलं. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं तिने एका मोठ्या रुग्णालयात नर्सची नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर आठ महिन्यांपूर्वी ती भावाकडे राहायला आली होती. कायमची, असं तेव्हा ठरलं होतं.

‘रविवारी जाते मी,’ टॉवेलची घडी घालत ती म्हणाली. ‘वॉर्डातली माझी मैत्रीण एकटीच असते. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे.’

‘का गं? इथे काही कमी पडलं का?’

‘कमी कसलं? उलट फार करता तुम्ही माझं.’

‘तुला पटेल तसं कर,’ मास्तर म्हणाला, आणि आपण किती समंजस आहोत म्हणून स्वतःवरच खूश झाला. खोलीत गेल्यावर मात्र त्याला भरून आलं. आई गेली तेव्हा तो सहावीत होता. त्या वर्षी त्याच्या सगळ्या वह्यांना ताईने कव्हरं घातली होती. ती जाऊ नये असं त्याला फार वाटत होतं, पण तसं म्हणायचं कसं ते सुचेना. दिवसाला दोनशे संवाद लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना.

मंगळवारी त्याने घरून काम करतो म्हणून कळवलं आणि ताईला गेम खेळायला बसवलं. वैद्यसंघ आहे, ही नर्स आहे, एवढीच त्याची अक्कल. ताईने चष्मा पुसला, कंट्रोलर उलटा धरला, सुलटा केला आणि अर्ध्या तासात संघाची प्रमुख झाली.

‘झालं?’ ती म्हणाली. ‘एकतीस वर्षांत मला कुणी वॉर्डाची मुख्य केलं नाही, आणि तू अर्ध्या तासात केलंस! आणि ही माणसं अजून माझ्याशी पाहुणी असल्यासारखी बोलतायत.’

‘नम्र आहेत गं ती. मुद्दाम लिहिलंय तसं.’

‘हे नम्र? ऐक.’ तिने पडद्यावरच्या म्हाताऱ्या वैद्याला पुन्हा बोलायला लावलं. ‘आम्ही जखम मिठाच्या पाण्याने धुतो,’ म्हातारा म्हणाला. ‘आमच्या संघात तुमचं स्वागत असो. तुम्ही बसा.’

‘आम्ही, आमच्या!’ ताई म्हणाली. ‘प्रमुख मी, आणि संघ यांचा! मी वॉर्डात लागले ना, तेव्हा पहिले दोन महिने सगळ्याजणी असंच बोलायच्या. आम्ही चादरी अशा बदलतो, आमच्याकडे असं चालतं. मग एक दिवस ड्यूटी बदलताना थोरल्या सिस्टर माझ्यावर खेकसल्या, आपली कात्री कुठे टाकलीस गं? मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले.’

‘ओरडल्या म्हणून?’

‘अरे वेड्या, आपली म्हणाल्या म्हणून.’

मास्तर खुर्चीतून उठलाच. आम्ही म्हणजे तुला सोडून, आपण म्हणजे तुला धरून. दुसरीतल्या पोराला हे कळतं. शुद्धलेखनाच्या या राखणदाराला मात्र संघाची तीनशे वर्षं लिहूनही ते दिसलं नव्हतं.

त्याने तिथल्या तिथे प्रोग्रामर मुलीला ईमेल धाडला. तिच्या कामाच्या वेगामुळे सगळे तिला वादळ म्हणत. ‘सगळीकडे आम्हीचं आपण करावं, आमच्याचं आपल्या करावं,’ असं त्याने लिहिलं. वैद्यसंघात, आणि तेही खेळाडू सामील झाल्यावर, असं त्याच्या मनात होतं. ते मनातच राहिलं. ऱ्हस्व-दीर्घ मात्र बिनचूक होते.

वादळाने खरोखरच सगळीकडे केलं. बुधवारी दुपारी कंपनीत ड्रॅगन गावावर उतरला आणि गरजला, ‘आपण हे गाव जाळून टाकू! आपल्या वाटेत कुणीही येणार नाही!’ जंगलातला लुटारू गळ्याला सुरा लावून ‘आपण कुणाला घाबरत नाही’ असं म्हणायला लागला, आणि खेळणाऱ्याला उगीचच धीर आला. एका चाचणीवाल्याने तासाभरात लिहून पाठवलं, ‘ड्रॅगन फार आपुलकीचा वाटतो. त्याच्या बाजूने सामील कसं व्हायचं?’

‘मास्तर,’ संचालकबाई डोळे पुसत म्हणाल्या, ‘तुमच्या चार संघांपेक्षा हा एकटा ड्रॅगन बरा जमलाय.’

आता सहाशे वाक्यं हाताने बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गुरुवारी तो कागदांचा गठ्ठा घेऊन घरी बसला. समोर ताई लाल पेन घेऊन बसली. सुट्टी लागल्यासारखी ती खुशीत होती. प्रमुखपद तिने पहिल्याच पानावर काढून टाकलं. त्याऐवजी नव्या माणसाला भिंतीवर एक खुंटी, हातात खराटा आणि आल्या दिवशी बोलणी. दारावरच्या माणसाने ‘कोण पाहिजे’ न विचारता ‘आज उशीर केलास’ म्हणायचं. आम्हीचं आपण नेमकं कुठल्या वाक्याला होतं, यावर तर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं.

मध्येच मास्तरच्या बायकोचा तिच्या दवाखान्यातून फोन आला. दातांची डॉक्टर असल्यामुळे तिचे फोन दोन दाढांच्या मधल्या वेळात, तुटकच असत. फोन ठेवून मास्तर म्हणाला, ‘ताई, शनिवारी आम्ही पडदे आणायला जातोय. तू बस निवांत. आमच्याकडून तुला काही हवं असेल तर सांग.’

ताई कागद चाळत राहिली. ‘हे कुठल्या पानावर आहे? कोण बोलतं हे? बदलायचं राहिलंय बघ.’

मग तिने मान वर केली. ते कुठल्याच पानावर नव्हतं. तिच्या ते लक्षात आलं आणि मास्तरच्याही. ताईने पेनाला टोपण लावलं.

आठ महिने तो हेच म्हणत आला होता. ताई, तू बस. ताई, राहू दे, आम्ही करतो. आमच्या कपाटात जागा करून देतो तुला. त्याच्या स्वयंपाकघरात ताईने आजवर एक कपही विसळला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता! तिला त्याने थेट प्रमुख करून टाकलं होतं आणि दारातच उभं ठेवलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

‘म्हणजे... आपण...’ तो चाचरला. ‘शनिवारी आपण...’

‘आपण कोण? मी का?’ ताई म्हणाली. ‘एवढा मान नको रे बाबा.’ आणि ती उठून आत गेली.

शुक्रवारी वैद्यसंघ तरला. म्हातारा वैद्य ‘आपला खल काय मी धुवायचा?’ म्हणून खेकसला आणि संचालकबाईंनी निमूटपणे खल धुतला. त्यानंतर कुणी न सांगता त्या आणखी अर्धा तास खेळत बसल्या. टाळ्या वाजल्या. मास्तर त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होता, कारण मधे एकच दिवस उरला होता.

शनिवारी सकाळी त्याने न्हाणीघरात एक भाषण पाठ केलं. त्यात चार वेळा आपण होतं आणि एकदा ऋणानुबंध. बाहेर आला, तर बायको दवाखान्यात जाता जाता सांगून गेली की पडदे आजच बदलायचे तर जुन्यांना शिवलेल्या कड्या उसवून ठेव. तो कात्री शोधायला लागला. खणात नव्हती, फ्रिजवर नव्हती, शिवणाच्या डब्यात नव्हती. पाच मिनिटांत त्याचं डोकं फिरलं आणि भाषणबिषण पार विसरून तो ओरडला, ‘ताई! आपली कात्री कुठे टाकलीस गं?’

ताई दारात येऊन उभी राहिली.

‘पाठ केलं होतंस?’

‘पाठ केलेलं वेगळंच होतं,’ मास्तर म्हणाला. ‘कात्री खरंच सापडत नाहीये.’

‘सापडेल कशी? माझ्या बॅगेत आहे. वॉर्डातली माझी कात्री आहे ती. तुमच्या घरात कात्री कधी नव्हतीच. आठ महिने माझीच वापरताय.’

मास्तरचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची अक्कल त्याला वेळेवर सुचली नाही. ताई आत गेली. भरलेल्या बॅगेतले कपडे तिने पलंगावर काढून ठेवले आणि तळाशी ठेवलेली कात्री वर काढली. स्वयंपाकघरात येऊन ती तिने खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवली.

‘मैत्रिणीला फोन करायला हवा,’ ती म्हणाली. ‘चिडणार आहे ती.’

‘ताई, तू बस, मी करतो...’ मास्तरने जीभ चावली. ‘नको. तूच कर. आणि फोन झाला की हा नळ बघ जरा, किती गळतोय.’

‘कुणाचा नळ?’

‘आपला.’

‘आपला नळ आठ महिने गळतोय,’ बाह्या वर सारत ताई म्हणाली. ‘बघ म्हणून कुणी सांगतंय का, याचीच वाट बघत होते मी.’