गोदाबाईंची पायली

मित्रांनो, मी धान्य मोजायची पायली आहे. जुनी आहे, लोखंडाची आहे, आणि दोन वर्षे मी दुसऱ्याच्या घरी अडकून पडले होते. त्या दोन वर्षांची ही गोष्ट आहे.

अकोटच्या एका लोहाराने मला ठोकून घडवले आणि काठाला पितळेची पट्टी बसवली. गोदाबाईंच्या सासूने मला विकत घेतले. पुढे शेत विकले गेले आणि घर अमरावतीला आले, तशी मीही आले. आता सगळे किलोने घेतात. पण गोदाबाईंचा हात माझ्याशिवाय चालत नसे. मोजताना पहिल्या पायलीला त्या ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन. आणि उसने नेलेले धान्य परत करताना सपाट भरायचे नाही, वर शीग लावायची, हा त्यांचा नियम होता. ती शीग म्हणजे उसने देणाऱ्याचा मान.

शेजारच्या घरात पंजाबराव आणि ललिता राहत. पंजाबराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ललिता नांदगाव पेठेच्या एका सूतगिरणीत धागा तपासायला जायची. दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी ती पायलीभर तूर उसनी मागायला आली.

“गोदामाय, पाहुणे येऊन राहिले. पगार झाला की शीग लावून आणते.”

“ने वं. पायली मात्र माझी परत आण. मागच्या खेपेले चाळणी नेली ते चार महिन्यानं आली!”

“चाळणीच्या भोकातून निसटून गेली असंन माय ते,” असे म्हणून ललिता हसली आणि मला कमरेवर घेऊन गेली.

शुक्रवारी ती गिरणीच्या फाटकापाशी कोसळली. परत आली ती शववाहिकेतून.

बौद्ध रीतीने तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसे पांगली. गोदाबाईंनी मला मागितले नाही. मयताच्या घरी उसने मागायला जायचे नसते, असे त्या म्हणत. पंजाबरावांना वाटले, पायली ललिताचीच आहे. त्यांनी मला तिच्या फोटोखालच्या फळीवर ठेवले आणि माझ्यात तिचा मोबाईल ठेवला. तो ते रोज चार्ज करत.

मित्रांनो, तेव्हापासून मी घुमू लागले. फोन थरथरला की माझे सगळे अंग वाजायचे. संदेश बहुधा दुपारीच यायचे. वैशाखातली दुपार, दारे लावलेली, रस्त्यावर कुत्रेही नाही, आणि मी घुमते आहे. संदेशाची सुरुवात नेहमी सारखीच असे : प्रिय ललिता.

पंजाबराव उठायचे, संदेश वाचायचे आणि फोटोकडे पाहून म्हणायचे, “हं. ऐकलं.”

ते संदेश शेअरच्या खात्याचे होते. गिरणीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा ललिताने आपल्या पगारातून चारशे घेतले होते. “ज्या धाग्यावर माही नजर फिरते त्यातला थोडा माहा असाव,” असे ती म्हणायची. ती गेल्याचे पंजाबरावांनी त्या खात्यात कळवलेच नाही. कळवले की तिचे नाव कापले जाणार. तेवढ्या एका जागी तरी ती चालू राहू दे, असे त्यांना वाटे. ते शेअर म्हणजे तिच्या हाताची शेवटची वस्तू, आणि पंजाबराव ती जिवापाड सांभाळत होते.

मागच्या दिवाळीत त्याच मोबाईलवर अकोल्याहून शेअर दलालाच्या ऑफिसातल्या चंद्रभानचा फोन आला.

“काकाजी, ताई आहेत का?”

“निजली हाये. मले सांगा.”

मी लोखंडाची आहे, तरी ते ऐकून मी गार पडले.

“शेअर नुसते पडून हायेत. उसने देऊन टाका म्हणा. महिन्याचं भाडं भेटते, अन् ठरल्या दिवशी परत येतेत. मधातल्या संस्थेची हमी राह्यते.”

“परत येतेत नं नक्की?”

“पक्कं.”

होकारासाठी ललिताच्या फोनवर आलेला ओटीपीचा आकडा पंजाबरावांनी वाचून दाखवला. चंद्रभानला वाटले, ताईंनी होकार दिला. मग दर महिन्याला मी दोनदा घुमायची. प्रिय ललिता, तुमचे चारशे शेअर उसने गेले. प्रिय ललिता, तुमचे चारशे शेअर परत आले. पुन्हा गेले. पुन्हा आले. भिंतीपलीकडे गोदाबाईंच्या हातातले काम थांबायचे. मला ते समजायचे.

या उन्हाळ्यात पंजाबरावांची मुलगी माधवी अकोल्याहून आली. ती तिथे बँकेत आहे. दुपारी मी घुमले तेव्हा तिनेच फोन उचलला. तिचा चेहरा उतरला.

“बाबा, आई शेअर उसने देऊन राहिली?”

“मी देऊन राहिलो. तिच्या नावानं.”

“मेलेल्या माणसाचं खातं असं चालवता येत नाही बाबा! अन् उसने नेणारा त्याचं काय करते, हे तरी माहीत आहे का तुमाले?”

“ठेवत असंन. मले काय करा लागते?”

माधवीने डब्यातून तुरीचे शंभर दाणे मोजले, मला उचलून खाली ठेवले आणि दाणे माझ्यात टाकले.

“हे समजा गिरणीचे बाजारात फिरणारे सगळे शेअर. एकाले वाटते की भाव पडणार. त्याच्यापाशी शेअर नाही. तो आईपाशून उसने नेते अन् आजच्या भावानं विकून टाकते. समजा पाचशेले. भाव साडेतीनशे झाला की विकत घेते, आईले परत करते. दीडशे त्याचे. त्यातून तुमचं भाडं.”

“अन् भाव हजार झाला तं?”

“तरी घ्याच लागते. उसनं आहे नं. भाव पडून पडून शून्यापर्यंत पडन, पण चढाले वर छत नाही. मंग त्याचं घर बुडते.”

“म्हंजे आपल्या गिरणीचं वाईट व्हाव म्हणून तो वाट पाहून राहिला. अन् तेही तिच्याच शेअरवर?”

“वाईट व्हाव म्हणूनच असं नाही. कधी भाव उगाच फुगलेला असते, अन् त्यायचंच बरोबर निघते. कधी सपशेल चुकतेत.”

मग तिने अठरा दाणे बाजूला काढले. “शंभरातले इतके सध्या उसने आणून विकलेले आहेत. दिवाळीत पाच होते. याच्यावरून एवढंच समजते की किती लोक पडायची वाट पाहून राहिले. पडनच, असं नाही. रोज दोन दाण्यांची खरेदी-विक्री होते म्हणा. सगळ्यायले परत घ्याचे असन तं नऊ दिवस लागतीन. अन् मधातच चांगली बातमी आली, तं सगळे एकाच दारातून पळतीन. भाव आभाळात.”

पंजाबराव त्या अठरा दाण्यांकडे पाहत राहिले.

“हे आता कोणाचे?”

“आई म्हणते माझे. ज्यानं विकत घेतले तोही म्हणते माझे. एक दाणा, दोन घरी.”

पंखा फिरत होता.  मग पंजाबरावांनी हळूच विचारले, “पण परत येतेत ते तेच नं? तिनं घेतलेले?”

“नाही बाबा. तेवढे येतात. तेच नाही.”

“भांडं उसनं देल्लं तं तेच भांडं परत येते.”

“हे भांडं नाही बाबा. हे धान्य आहे. तिचे शेअर दिवाळीतच गेले. कुठं गेले, कोणाले सांगता येणार नाही.”

मित्रांनो, पंजाबराव रडले नाहीत. त्यांनी फक्त फोन पुन्हा माझ्यात ठेवला, जसा रोज ठेवत तसा. आणि त्याच क्षणी तो थरथरला. दाण्यांसकट मी अशी घुमले की भिंतीवरचा फोटो हलल्यासारखा वाटला.

दार वाजले. गोदाबाई उभ्या होत्या. पदर डोक्यावर, ओठ कोरडे.

“पंजाबभाऊ, आता नायी सहन होत. दोन वर्सं झाली, ऐकून राहिली मी. ललिता मले हाका मारते. माही पायली तिच्यापाशी राह्यली नं, जीव अडकला तिचा.”

“आमी असं मानत नाही गोदामाय. फोन वाजते तो.”

“फोन वाजत असंन बाप्पा. घुमते तं माही पायलीच.”

पंजाबरावांनी मला उचलले आणि पहिल्यांदा नीट पाहिले. “हे तुमची हाये? दोन वर्सं बोलल्या कावून नाही?”

“मेलेल्या बाईपाशी तगादा कसा लावू?”

ते बराच वेळ मला धरून बसले. जे तिचे म्हणून जपले ते तिचे नव्हतेच. आणि तिच्या नावावर जे खरेच उरले होते, ते पायलीभर तुरीचे एक उसनेच होते.

महिन्याच्या ठरल्या दिवशी शेअर परत आले. चंद्रभानचा फोन आला. “काकाजी, पुढच्या महिन्यासाठी देऊ का? मागणी लय आहे. ताईले विचारा.”

पंजाबराव फोटोकडे वळले नाहीत.

“ताई गेली, चंद्रभान. दोन वर्सं झाली. मी लबाड बोललो तुमच्याशी. मृत्यूचा दाखला घेऊन उद्या अकोल्याले येतो.”

 मग चंद्रभान म्हणाला, “मी तं दर महिन्याले त्यायले नमस्कार सांगत होतो, काकाजी.”

अकोल्याहून परतताना पंजाबरावांनी तूर आणली. मला धुतले, पुसले, भरले. वर शीग लावली. एक दाणा सांडला तोही उचलून ठेवला. मग मला दोन्ही हातांनी धरून शेजारी नेले.

गोदाबाईंनी तूर ओतून घेतली. “लाभ,” त्या म्हणाल्या. पुढे मोजायला काही नव्हते.

मित्रांनो, उसने नेले तर परत करा, आणि सपाट करू नका. उसने दिले तर एवढे ध्यानात ठेवा की धान्य तेवढे येते, तेच येत नाही. भांडे तेवढे तेच येते. आणि गेलेले माणूस गेले, हे ज्यांना सांगायचे त्यांना वेळेवर सांगा. नाहीतर त्याचे नाव लोकांच्या दारोदार फिरत राहते.

मी आता गोदाबाईंच्या फळीवर पालथी असते. ललिताचा फोन माधवीने बंद करून पेटीत ठेवला आहे.

तरी एखाद्या दुपारी मी घुमते. गोदाबाई हातातले सूप खाली ठेवतात आणि भिंतीकडे पाहून म्हणतात, “पोचली वं माय. पोचली माही पायली.”

मग मी थांबते.