छंद की धंदा

"अहो, नुसता एक ठिपका काढा! ठिपक्याला कोण काम म्हणणार आहे?" बाईंचा आवाज चढला.

पेंटरनं काखेत घातलेले हात काढले नाहीत. "बाई, माझ्या कागदावर लिहिलंय. पगारी असो की बिनपगारी, अर्जदारानं कोणतंही काम करायचं नाही. चित्र काढणं हा तुमचा छंद. माझा तो धंदा आहे."

शेजारी त्याची बायको कोपरापर्यंत निळ्या रंगात माखली होती. "मी तर सांगून दमले," ती म्हणाली. "खोलीत खिळा ठोका म्हटलं, तर म्हणतात, हे कामात धरतात का ते आधी विचारून येतो."

बाईंनी शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. निवृत्तीनंतर दर बुधवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या हा वर्ग घेत. येणारे सगळे परक्या देशांतून जीव वाचवून आलेले, आश्रयाचा अर्ज करून निकालाची वाट बघणारे. कोणाला दोन वर्षं झाली होती, कोणाला चार. पेंटरचं सहावं चाललं होतं.

आपल्या गावात त्यानं बावीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. एके दिवशी बंदूकवाले आले, हातात यादी ठेवली आणि म्हणाले, या घरांच्या दारांवर लाल खुणा कर. कशासाठी, ते विचारायची गरज नव्हती. उद्या सकाळी करतो म्हणून त्यानं सांगितलं आणि उजाडायच्या आत बायकोला घेऊन गाव सोडलं.

आणि आता आश्रयाच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं : अर्जदार पेंटर होता याला पुरावा नाही.

"पेंटरच नाही म्हटल्यावर खुणा करायला कोण सांगेल? सगळी केस तिथेच कोसळते," त्याची वकील म्हणाली. पोरगी हुशार होती, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मग दाखवू दे की रंगवून!" बाई म्हणाल्या.

"परवानगी मागते."

उत्तर सात आठवड्यांनी आलं. बाईंनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. पाटी छंद म्हणून रंगवल्यास तो व्यवसायाचा पुरावा होत नाही. व्यवसाय म्हणून रंगवल्यास कामबंदीच्या अटीचा भंग होतो.

"हे लिहिणाऱ्याला कोणी शाळेत घातलं होतं का?"

"घातलं असणार," वकील म्हणाली. "शुद्धलेखनाची एक चूक नाही."

तिनं पुन्हा अर्ज केला, मग आणखी एक. तिसऱ्या खेपेला परवानगी मिळाली. कार्यालयातच, अधिकाऱ्यासमोर, अर्धा तास. साक्षीदार म्हणून बाईंना बोलावलं होतं. त्यांनी पत्र्याची कोरी पाटी, तैलरंगाचा डबा आणि स्वतःचे चांगले ब्रश घेतले. पेंटरनं फक्त एक काठी मागितली, मनगट टेकवायला.

दारावरच्या पहारेकऱ्यानं ती काढून घेतली. "काठी आत नेता येत नाही."

"अहो, ती मारायची नाही, टेकवायची काठी आहे!"

"काठी ती काठी, बाई."

आत पेंटरनं वितीनं पाटी मोजली. खडूनं रेघा आखल्या, अक्षरांच्या जागा ठरवल्या. ते इतकं झरझर झालं की बाईंनी अधिकाऱ्याकडे अभिमानानं पाहिलं. मग त्यानं ब्रश बुडवला आणि पहिली उभी रेघ ओढली.

ती मध्यावर थरथरली.

त्यानं ती पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं श्वास रोखून धरला, तरी रेघ मध्यावर वाकडी झालीच. अधिकारी तसा वाईट माणूस नव्हता; त्यानं घड्याळाकडे न बघता अर्धा तास पूर्ण होऊ दिला. मग लिहिलं, कौशल्य सिद्ध झाले नाही. पुढील तारीख चार महिन्यांनी.

"साहेब, सहा वर्षं तुम्हीच यांचे हात बांधून ठेवलेत, आणि आता—"

"साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, बाई."

बाहेर पायऱ्यांवर बायको थांबली होती. तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला. रुमाल ओला करून ती त्याची बोटं पुसायला लागली. रंग काही निघेना.

"ती काठी असती ना, तर दाखवलं असतं यांना!" बाई अजून धुमसत होत्या.

"काठीनं नुसतं मनगट धरलं असतं," पेंटर हळूच म्हणाला. "हात गेलाय बाई."

पुढच्या बुधवारी बाई वेळेआधी पोचल्या, तर तो जिन्यात उभा होता. खोली उघडल्यावर त्यानं टेबलावर मोठा कागद पसरला.

"बाई, मला शिकवाल? शिकायला बंदी नाही ना?"

बाईंनी हात पुढे केला. त्यानं खिशातला अटींचा घडीचा कागद काढून दिला. त्यांनी सगळी कलमं पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट ठेवून वाचली.

"नाही. शिकण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

त्यानं ब्रश घेतला आणि वरून खाली रेघ ओढली. मध्यावर ती हलली. तिच्या शेजारी दुसरी ओढली, मग तिसरी. शाळेत पहिलीतली मुलं ओढतात तशा. खिडकीच्या वाऱ्यानं कागद सरकत होता. बाईंनी खुर्ची ओढली आणि दोन्ही हातांनी कागदाचे कोपरे दाबून धरले.

"हलू देऊ नका हं," वर न बघता तो म्हणाला.

बाईंनी हलू दिलं नाही.